पिंगळ्यांचा बघण्याचा कार्यक्रम

बाळांनो, शाळेने तुम्हाला पक्षी मोजायला नेलं, हे परवा फोनवर ऐकलं आणि आमच्या समोरच्या बाईंबद्दल आज लिहायला बसले.

त्या सिल्लोडकडच्या. चालताना नजर झाडांवरच्या पाखरांवर. वाटेत भेटेल त्याचा दंड धरून म्हणायच्या, "वर बघा की! लई गोड हाय, व्हय का नाय?" नाही म्हणायची सोय नसे. मी कित्येकदा रस्ता बदलला आहे.

एकदा कॉलनीत ठरलं, जुन्या कडुलिंबाच्या ढोलीत घुबडं राहतात, ती अशुभ, तेव्हा उद्या झाड तोडायचं. बाई भांडल्या नाहीत. "संध्याकाळी बघण्याचा कार्यक्रम हाय, समद्यांनी यावं," असा निरोप त्यांनी घरोघर दिला. त्यांच्या भाचीला पाहुणे बघायला येत असतील, असं समजून आम्ही ठेवणीतल्या साड्या नेसून गेलो. खुर्च्या मांडल्या होत्या कडुलिंबाखाली. आल्याआल्या हातात कांदेपोह्याची बशी.

ऊन उतरलं तशी ढोलीतून तीन पिल्लं डोकावली. पिवळेधमक डोळे रोखून, माना वरखाली करून तीच आम्हाला निरखू लागली.

बाई म्हणाल्या, "ह्या बारक्या घुबडाला पिंगळा म्हणत्यात. पहाटे दारी शुभ बोलायला येतो, त्या पिंगळा जोश्याला नाव ह्याचंच. उडता येत नाय अजून पिल्लांना, झाड पाडल्यावर जातील कुठं? अध्यक्षसाहेब, पोहे तर खाल्ले. आता सांगा, पसंत का नापसंत?"

कॉलनीच्या अध्यक्षांनी बशी खाली ठेवली. "पसंत आहे, ताई."

टाळ्या अशा वाजल्या की पिल्लं आत पळाली.

कडुलिंब अजून उभा आहे. दर उन्हाळ्यात नवी पिल्लं डोकावतात, आणि बघायला आता शेजारच्या कॉलनीतलेही येतात.