श्री गणेशाय नमः, तीन हजार दोनशे अकरा

अंबागेटच्या आत राहणारे कमलाकांत महाराज पिढीजात भटजी. अमरावतीतले पहिले संगणकवाले भटजी आपणच, असं त्यांचं स्वतःचं मत होतं. यजमानांच्या घरचं कोण कोणत्या तिथीला वारलं, हे त्यांनी वीस वर्षं संगणकात टिपून ठेवलं होतं. एका माणसाची एक फाइल. पण देवाचं नाव घातल्याशिवाय कोणताही कागद सुरू करायचा नाही, ही घरची रीत. फाइल ठेवून देताना संगणक पहिल्या ओळीलाच तिचं नाव समजे आणि महाराज हरकत घेत नसत. परिणामी तीन हजार दोनशे अकरा माणसं एकाच नावानं कैलासवासी झाली होती. फरक फक्त मागच्या आकड्याचा.

त्यानं वीस वर्षं काही बिघडलं नाही, कारण तिथ्या महाराजांना तोंडपाठ होत्या. संगणक नुसता शोभेला. गेल्या वर्षापासून मात्र तिथ्या निसटू लागल्या. हे त्यांनी बायकोला, सिंधूताईंनाही सांगितलं नाही. ज्या भटजीला तिथी आठवत नाही, त्याला दारात कोण उभं करील? अकोल्याच्या कॉलेजात शिकवणाऱ्या मुलीला, स्वरालीला, ते फोनवर एवढंच म्हणाले, "शोधायला सोपं पडेल असं काही बघ."

स्वराली आली आणि एक सॉफ्टवेअर टाकून गेली. "आता नुसतं नाव टाका, बाबा. फाइलच्या पोटातलंही वाचतं हे."

वाचत होतं खरं. शोधण्याआधी ते सगळ्या फायली वाचायला बसे, आणि जुन्या संगणकात तेवढा दम नव्हता. पडद्यावरचा बाण गोठे, पंखा घोंघावे, पडदा निळा होई, आणि संगणक स्वतःच बंद पडून पुन्हा सुरू होई. मग सॉफ्टवेअर पुन्हा पहिल्या श्रीगणेशापासून वाचायला घेई. महाराजांना त्याचा फारसा राग येईना. पाठांतर चुकलं की पहिल्यापासून, हा त्यांच्या गुरुजींचाही नियम होता.

भाद्रपद पौर्णिमेला सकाळी शकुनबाई आली. ती नांदगाव खंडेश्वरची, भाजीच्या मळ्याची मालकीण. पितृपक्ष लागायच्या आदल्या दिवशी गवारीची पिशवी घेऊन यायचं आणि नवऱ्याची तिथी विचारून जायचं, हा तिचा नेम.

"महाराज, आमच्या याईची तिथी कोनती?"

"बसा. पाहून सांगतो."

"पाहून? तुमाले तं पाठ रायते."

महाराजांनी 'किसनराव' टाइप केलं. बाण गोठला. पडदा निळा झाला. सिंधूताईंनी चहा आणून ठेवला. संगणक पुन्हा सुरू झाला, पुन्हा निळा झाला. चहावर साय धरली. किसनरावांच्या झुपकेदार मिशा महाराजांना स्वच्छ आठवत होत्या. तिथी नाही.

"मला आठवत नाही, शकुनबाई."

वर्षभरात हे वाक्य ते पहिल्यांदाच मोठ्यानं बोलले. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्यांना. दारात सिंधूताई ऐकत उभ्या होत्या.

"मले मालूम हाय," शकुनबाई म्हणाली. "गेल्या साली तुमी नवमी सांगितली. नवमी तं सवाष्ण मेलेल्या बाईची. मी घरी जाऊन सप्तमीलेच पान वाढलं. कोनाले बोलली नाही."

म्हणजे त्या मिशांसकट किसनरावांना आपण सवाष्ण करून टाकलं होतं! महाराजांना हसावं की रडावं कळेना.

"मग यंदा काहून आलात विचारायला?"

"तुमी सांगितल्याबिगर तिथी होते का, महाराज? सांगा आता. सप्तमी."

महाराजांनी उपरणं सारखं केलं, घसा खाकरला आणि नेहमीच्या खणखणीत आवाजात सांगितलं, "भाद्रपद वद्य सप्तमी."

"सप्तमी," शकुनबाईनं जणू पहिल्यांदाच ऐकावं तशी मान डोलावली. "बरं झालं विचारलं."