दीड फूट दोरी

हे मी वर्षापूर्वीच बोलायला हवं होतं. तेव्हा दातखीळ बसली होती.

माझे सासरे, मी त्यांना मामा म्हणतो, एकतीस वर्षं आमच्या फुटबॉल मैदानाचे राखणदार. गवत कापायचं, पाणी मारायचं आणि सामन्याच्या सकाळी चुन्याने रेषा आखायच्या. बाकी रेषांना कायमच्या खुंट्या होत्या, पेनल्टीचा ठिपका मात्र मामा दोरीने काढत. दोरीच्या एका टोकाला फास, दुसऱ्याला गाठ. फास गोलरेषेवरच्या खुंटीत अडकवायचा, दोरी ताणायची आणि गाठ येईल तिथे ठिपका. टेपवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता.

चार वर्षांपूर्वी स्कूटरवर गादी बांधताना मला दोरी कमी पडली. सामानाच्या खोलीत मामांची दोरी दिसली. फासाकडून दीड फूट कापली, नवा फास मारला आणि होती तिथे टांगून दिली. गाढवपणा, दुसरं काय.

त्यानंतर आमची पोरं पेनल्टी चुकवेनाशी झाली. पाहुण्यांचीही चुकत नव्हती, पण ते कोण बघतंय? आम्ही कॉलर ताठ करून फिरत होतो.

मग स्टेडियम मंजूर झालं. पक्क्या पायऱ्या, दिवे, नवं गवत. मी मैदान समितीचा चिटणीस. मामांचं मागणं एवढंच, की नव्या मैदानाची पहिली रेषा त्यांनी आखावी. समिती हो म्हणाली होती.

खोदकामाआधी इंजिनिअरने जुनं मैदान मोजलं. दोन्ही ठिपके नियमापेक्षा दीड फूट गोलच्या जवळ निघाले. दीड फूट ऐकलं आणि मला स्कूटरवरची ती गादी आठवली.

दुसऱ्या दिवशी बैठकीत कंत्राटदार म्हणाला, "आजोबांची नजर गेली हो." सगळे खो-खो हसले. मामा दारात उभे होते. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं.

"हात चुकला असेल माझा," ते म्हणाले.

मला एकच वाक्य बोलायचं होतं. मी वहीत मान खुपसली आणि रेषा यंत्राने आखाव्यात असा ठराव स्वतःच्या अक्षरात लिहिला. वर बारीकसा हसलोही. त्या हसण्याची लाज मला अजून वाटते.

उद्घाटनाला मामा आले नाहीत. बायकोने विचारलं, "बाबांना झालंय तरी काय?" मी म्हणालो, "वय झालं त्यांचं." माझी जीभ झडली कशी नाही, कोण जाणे.

काल शेवटी त्यांच्याकडे गेलो. दारातच म्हणालो, "मामा, ती दोरी मी कापली होती."

"माहीत आहे. बैठकीच्या सकाळीच नीट बघितली. माझा फास असा नसतो, असा तुम्ही मारता."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबलो होतो, जावईबापू."

ते आत गेले, नीट गुंडाळलेली दोरी आणली आणि माझ्या हातात ठेवली.

"घेऊन जा. मला आता लागत नाही. तुम्हाला सामान बांधायला होईल."