जमते ना

आजवर कोणाला सांगितलं नाही ते आधीच सांगून टाकतो, नाहीतर मध्येच धीर सुटेल. त्या दुपारी मावशीची मूठ उघडताना मी पाहिली होती. पडद्याच्या फटीतून, पण नीट पाहिली होती. आणि काहीच पाहिलं नाही अशा थाटात परत फिरलो होतो.

आता मावशीबद्दल.

इतवारीच्या बाजारात तिचं भांड्यांचं दुकान होतं. लग्नानंतर बायकोबरोबर संसाराचं सामान घ्यायला गेलो, तेव्हाची आमची ओळख. गिऱ्हाइकानं पातेल्याला हात लावला की ही उजव्या हाताचं एक बोट वाकवून त्यावर टकटक करायची आणि पातेलं सरळ त्याच्या कानाशी न्यायची. "ऐका. बोलून राहिलं का नाही?" आपण भाव निम्मा सांगायचा, तिनं कपाळाला हात लावायचा, आपण जरासं वर चढायचं आणि मग तिनं मान डोलवायची, "जमते ना!" की सौदा पक्का. दुकानातून उतरताना प्रत्येकाला वाटायचं, आज मावशीला आपण चांगलंच खाली आणलं. शेजारच्या दुकानात तेच पातेलं त्याहून स्वस्त दिसेपर्यंत हा आनंद टिकायचा.

नवरा लवकर गेला. दुकान तिनं एकटीनं ओढलं. पुढे थोरली सून मदतीला बसू लागली. दोघा मुलांचा जीव मात्र त्या जागेला येणाऱ्या किमतीत अडकलेला. दुकानाचे कागदही ज्यात असायचे त्या गल्ल्याची किल्ली पिवळ्या दोऱ्यात ओवून मावशीच्या कमरेला असायची. झोपतानाही सोडत नाही, असं सून हसून सांगायची.

मी फिजिओथेरपिस्ट. लकव्याच्या रुग्णांच्या वॉर्डात माझं आयुष्य गेलं. पाय किती येईल, हात किती येईल, हे पहिल्या दोन-चार दिवसांत सांगणं हा माझ्या कामाचा भाग. हाताचं गणित तसं सोपं आहे. खांदा उचलता येतो का आणि मिटलेली बोटं स्वतःहून उघडता येतात का, एवढं पाहायचं. मूठ मिटणं लवकर येतं. उघडणं ज्याला सुरुवातीलाच येतं, त्याच्या हातावर पुढचे आठवडे जीव तोडून मेहनत घ्यायची, कारण तो हात कामाचा होण्याची आशा असते. माझे अंदाज बहुतेक बरोबर ठरत. सिस्टर म्हणायच्या, "सर बोलले म्हणजे झालं." ते ऐकायला मला आवडायचं, हेही आज सांगतो.

एक दिवस मावशीच वॉर्डात आली. उजवी बाजू गेलेली, वाचा गेलेली. समजत सगळं होतं, पण तोंडातून दोनच शब्द निघायचे. तुम्हीही असा एखादा माणूस पाहिला असेल, सगळी भाषा पुसली जाते आणि रोजचा एखादा बोल तेवढा शिल्लक राहतो.

"मावशी, नाव सांगा."

"जमते ना."

"हे काय आहे?" डॉक्टरांनी पेन दाखवलं.

"जमते ना," ती त्यांना धीर देत म्हणाली.

वॉर्डातला उपमा समोर आला तेव्हा ती असं काही "जमते ना?" म्हणाली की वाढणारी बाई बशी उचलून चालू लागली. दोन दिवसांत आम्हाला तिचे सूर ओळखू यायला लागले. हो, नाही, पाणी, चालता हो, हे सगळं त्या दोन शब्दांत बसायचं.

मुलं वेगळ्याच चिंतेत होती. थोरला वाकून विचारायचा, "माय, गल्ल्याची किल्ली कुठं ठेवली वं?"

"जमते ना," मावशी इतक्या मायेनं म्हणायची की दोघं भाऊ एकमेकांकडं पाहत राहायचे.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी हात तपासायला गेलो. दोन्ही मुलं पलंगाला टेकून उभी, सून डबा घेऊन पायथ्याशी.

"मावशी, खांदा उचला." थोडा उचलला.

"शाब्बास. आता बोटं उघडा."

तिनं माझ्याकडं पाहिलं. मग मुलांकडं. "जमते ना," म्हणाली, पण मूठ तशीच घट्ट. पुन्हा सांगितलं, पुन्हा तेच. अशा वेळी मूठ आपल्या हातात घेऊन सोडवून पाहायची असते, हे विद्यार्थ्यांना मीच शिकवतो. त्या दिवशी मला घट्ट मूठ पुरेशी वाटली.

"पाय येईल. काठी घेऊन चालतील," मी मुलांना म्हणालो. "उजवा हात कामाचा होणार नाही."

"पक्कं ना सर?"

"पक्कं."

दुपारी चष्मा विसरला म्हणून परत गेलो. पडदा ओढलेला होता. आत सून एकटीच मावशीचे केस विंचरत होती. मावशीनं पलंगाच्या दोन्ही बाजूंना पाहिलं, मुलं नाहीत याची खात्री केली आणि उजवा हात पांघरुणावर सरकवत पुढे आणला. आधी तर्जनी उघडली. मग बाकीची, एकामागून एक, थरथरत. तळहातावर पिवळा दोरा आणि किल्ली. ज्या हाताकडं कोणी पाहणार नाही, त्याच हातात तिनं ती लपवली होती आणि माझ्यासमोर मूठ जिवापाड मिटून धरली होती.

"आई! तुमच्यापाशीच होती ही?"

"जमते ना," मावशी म्हणाली. हा सूर मात्र मी दुकानातला ओळखत होतो. सौदा पक्का झाल्याचा.

मी पडदा सारून आत जायला हवं होतं. "मावशी, मी चुकलो, हा हात येणार," एवढंच म्हणायचं होतं. पण डॉक्टरांनी माझ्या शब्दावर मुलांशी बोलणं उरकलं होतं, आणि माझे विद्यार्थी बाहेर उभे होते. चष्मा तिथंच राहिला. घरी सोडताना सुनेनं विचारलं, "सर, हाताचा काही व्यायाम?" मी म्हणालो, "सध्या पायावर लक्ष द्या." पाहिल्यानंतर म्हणालो.

दुकान विकलं गेलं नाही. किल्ली सुनेकडं होती आणि सून खमकी निघाली. पुढच्या वर्षी इतवारीत गेलो तर मावशी गल्ल्याशेजारी खुर्ची टाकून बसलेली. मला पाहताच तिनं पातेलं ओढलं. उजवा हात वर आला, पेला धरण्यापुरता सुधारला होता तो, पण एक बोट वेगळं काढून वाकवणं काही जमलं नाही. मग तिनं डाव्या हातानं टकटक केली आणि पातेलं माझ्या कानाशी आणलं. "जमते ना?" पहिल्या आठवड्यापासून मेहनत घेतली असती तर ते बोट आलंच असतं, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. येण्याजोगं होतं, हे मात्र खात्रीनं सांगतो.

मागच्या हिवाळ्यात दुसरा झटका आला आणि मावशी गेली. भेटायला गेलो तेव्हा सून पाणी घेऊन आली, समोर बसली.

"सर, एक गोष्ट मनातून जात नाही. आईनं मले किल्ली देल्ली ना, ती त्याच हातानं देल्ली होती. बोटं उघडून. मले दिसलं. पण सकाळीच तुम्ही पक्कं म्हटलं होतं. मी म्हटलं, मलेच भास झाला असन. डाव्या हातानं देल्ली असन. मी स्वतःच्या डोळ्यांवर काहून भरवसा नाही ठेवला? रोज हात घेऊन बसली असती मी."

"आता तो विचार करू नका," मी म्हणालो. ती डोळे पुसून चहा ठेवायला उठली. मी चहा प्यायलो आणि निघालो.

आता मी प्रत्येक मूठ स्वतः सोडवून पाहतो. अंदाज चुकला तर त्याच दिवशी जाऊन घरच्यांना सांगतो. विद्यार्थ्यांना वाटतं, सरांची शिस्त आहे.

मावशीला आता काही परत करता येणार नाही. तिच्या सुनेला मी एक वाक्य देणं लागतो: तुम्हाला भास झाला नव्हता, मीही पाहिलं होतं. ते मी अजून तिला जाऊन सांगितलेलं नाही.