चांगुणाचा माड

राणीच्या राज्यातली गोष्ट. कोपरीच्या मिठागरावर चांगुणाचा जन्म गेला. मीठ ओढून ओढून तळव्यांना भेगा पडलेल्या. तरी संध्याकाळी घरी निघताना नाक्यावरचा शिपाई सगळ्यांना पाय धुवायला लावी. सरकारचा कर भरल्याशिवाय पायाला चिकटलेलं मीठसुद्धा बाहेर जाता कामा नये!

एकदा तिचा धाकटा भाऊ महिपत, आगबोटीवरचा खलाशी, विलायतेहून परतला. चुलीपाशी बसून सांगू लागला, "बाय, राणीच्या मुलखान मिठावर कर नाय. चहावर हाय."

चांगुणाच्या हातातली पळी थांबली. "अरे, चहा नाय पिला त कोन मरतंय? मिठाबिगर पेज गिळून दाव मना!"

दुसऱ्या दिवशी नाक्यावर ती थांबलीच नाही. शिपाई ओरडला, "ए बाई, पाय धू!"

"या मिठानं माझं कातडं खाल्लंय. ते आधी भरून दे, मंग धुते," असं म्हणून ती तरातरा चालू लागली. कामावरून काढायच्या धमक्या आल्या. तिनं त्यांना भीक घातली नाही.

मरेपर्यंत नाक्यावर तिनं पाय धुतले नाहीत. घरी आली की परसातल्या माडाच्या बुंध्याशी उभी राहून तांब्याभर पाणी पायांवर ओती. माडाला मीठ मानवतंच. नारळ असे लगडत की शेजारणी विचारत, "याला घालतेस तरी काय गं?"

चांगुणा म्हणे, "सगल्या गावान बिनकराचं मीठ खानारा ह्यो एकलाच!"