उभ्याचा फोटो

घरच्या लॉन्ड्रीत इस्त्रीच्या टेबलाशी ती दिवसभर उभी असायची. उजव्या हातात इस्त्री, डावा तळहात टेबलावर टेकलेला. त्या तळहातावर भार टाकला की कंबर जरा गप्प बसायची. हात उचलला की कमरेपासून पोटरीपर्यंत आग. आडवं पडलं की मात्र काहीच नाही, आणि तिथंच घात झाला. झोपवून काढलेल्या एमआरआयमध्ये तिची कंबर धुतल्या तांदळासारखी निघाली!

"नाचता येईना, अंगण वाकडं," नणंद म्हणाली. नवरा तसा वाईट नव्हता, पण रिपोर्टात जे नाही ते त्याच्या लेखी नव्हतंच. तो तिला 'महाराणी' म्हणू लागला, गिऱ्हाइकांसमोरसुद्धा. हळूहळू तिलाही वाटायला लागलं, आपण खरंच सोंग तर करत नाही ना? ह्याहून वाईट दुखणं नसेल.

शेवटी डॉक्टरच म्हणाले, "आता उभं करून एमआरआय काढू. मणक्यांवर भार आल्यावर काय होतं ते कळेल."

"हा शेवटचा," नवऱ्याने बजावलं. "ह्यातही काही निघालं नाही, तर पुन्हा कमरेचं नाव काढायचं नाही."

वाटेत ती देवाकडे आजार मागत होती. वैऱ्यावरही अशी वेळ येऊ नये.

यंत्राच्या दोन भिंतींमध्ये तिला उभं केलं. सवयीने तिने समोरचा दांडा धरला आणि त्यावर रेलली.

"ताई, हात सोडा," यंत्र चालवणारी बाई म्हणाली. "टेकलात की कमरेवरचा भार सुटतो, दुखणं लपतं. आणि अजिबात हलू नका, नाहीतर फोटो बिघडेल."

तिने हात सोडले. पायातून आग उतरली, दात ओठात रुतले, डोळ्यांतलं पाणी हनुवटीवरून गळ्यात गेलं. ती हलली नाही.

"बघा, कशी खांबासारखी उभी आहे!" काचेआडून नवरा म्हणाला. "हिला काय धाड भरलीय?"

फोटो आल्यावर बाईने पडदाच त्याच्याकडे वळवला. खालून दुसरा मणका पुढे सरकून नसेवर बसला होता. "झोपलं की हा जागेवर जातो," ती म्हणाली. "उभं राहिलं की असा सरकतो."

नवऱ्याचा चेहरा उतरला. ती यंत्रातून बाहेर आली आणि आधी खुर्चीची पाठ धरून वाकली.

"अगं, मग एवढं दुखत असताना हललीस कशी नाहीस?"

"हलले असते तर फोटो बिघडला असता," ती म्हणाली. "मग तुमच्यापुढे माझा नुसता शब्दच उरला असता. तो कधी पुरलाय?"