चंपतपासून दहा हात

चंपत शेंडेबद्दल लिहायचं तर मला आधी स्वतःला चार शिव्या घालाव्या लागतील. त्या मी घालणारच आहे, पण त्यांची जागा आली की. आधी चंपत.

तो आमच्याच गावचा, भंडारा जिल्ह्यात साकोलीजवळचा. माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. हाडापेराने मजबूत आणि डोकं सदा तापलेलं. गावच्या नाक्यावर चहाच्या टपरीत आमच्या लोकांसाठी एक कप वेगळा असायचा, बाहेर खिळ्याला टांगलेला. आपणच प्यायचा, आपणच धुवायचा, परत टांगायचा. पंचावन्न साली एका सकाळी चंपतने तो कप दगडावर आपटला आणि टपरीवाल्याला म्हणाला, "आता दे मले दुसऱ्या कपात." त्यापायी गावाने महिनाभर आमच्या वस्तीला काम दिलं नाही. पुढल्या वर्षी ऑक्टोबरात आम्ही दोघं नागपूरला पायी गेलो, पांढऱ्या कपड्यांत दीक्षा घेतली. परत आल्यावर चंपतने घरातले देव नदीत सोडले आणि भिलाईला पोलादाचा कारखाना उभा राहतोय असं कानावर येताच बायकोला, रुक्माला, घेऊन गाडी पकडली. मीही त्याच्या मागोमाग आलो.

मी मॅट्रिक पास, म्हणून मला एका ठेकेदाराकडे टाइमकीपरची जागा मिळाली. चंपत त्याच ठेकेदाराच्या शेडमध्ये विटा घासायला लागला. कोक ओव्हनच्या भट्ट्यांना सिलिकाच्या विटा लागत. त्या छिन्नीने तासून, घासून मापात बसवायच्या. चंपतचा हात असा बसला की त्याने लावलेल्या दोन विटांच्या सांध्यात पोस्टकार्ड जात नसे. रशियन साहेब खरंच पोस्टकार्ड घालून पाहायचा आणि हसून त्याच्या पाठीवर थाप मारायचा. चंपत आठ दिवस ती थाप सगळ्यांना सांगत फिरायचा.

काम मात्र कोरडंच चालायचं. पाणी मारलं की धूळ बसते हे शेंबड्या पोरालाही कळतं, पण ओली वीट भट्टीत तडकते म्हणून मुकादम शेडमध्ये बादलीसुद्धा ठेवू देत नसे. पत्र्याची शेड, तीन बाजू बंद, आत चाळीस माणसं. संध्याकाळी चंपत बाहेर यायचा तो भुवयांपासून पायांपर्यंत पांढरा. रुक्मा म्हणायची, "आला बाई माहा म्हातारा!" आणि आम्ही सगळे हसायचो.

साठ साली त्यांना मुलगी झाली, साधना. चंपत पोरीपायी पार वेडा झाला. एवढा रागीट माणूस, पण पोरीने मिशी ओढली तरी गप्प. शेजारच्या रिसाली गावात गवळ्याकडे दूध आणायला जायचा तो पोरीला खांद्यावर बसवून, आणि आमच्या सगळ्या मजूर कॅम्पाला वळसा घालून परतायचा. लोकांना पोर दिसली पाहिजे ना!

एकसष्टच्या हिवाळ्यात त्याला खोकला लागला. थंडी सरत आली तरी हटेना. चढावर दम लागायला लागला, अंग वाळत चाललं. ठेकेदाराच्या कंपाउंडरने दोन बोटांनी छाती ठोकली आणि म्हणाला, "टीबी है." दुसऱ्या दिवशी चंपतचं नाव हजेरीतून गेलं. ते नाव मीच खोडलं. कामच होतं माझं ते.

आता त्या शिव्या. मॅट्रिक पास माणूस म्हणजे तेव्हा आमच्या कॅम्पात हायकोर्टाचा जज्ज. पत्र वाचायचं तर टिकाराम, अर्ज लिहायचा तर टिकाराम. अर्ध्या हळकुंडाने मी पुरता पिवळा झालो होतो. टीबीवरचं एक पत्रक कुठूनतरी मिळवलं आणि रविवारी बुद्धवंदना झाल्यावर सगळ्या वस्तीला वाचून दाखवलं. आमच्या झोपड्यांच्या ओळीत चौदा पोरं होती. लोक घाबरले. मी ठराव मांडला: चंपतची खाट बाहेर, पत्र्याच्या आडोशाखाली. त्याची थाळी वेगळी, गिलास वेगळा, तो त्याचा त्याने धुवायचा. पोरांनी दहा हात लांब राहायचं. ठराव एकमताने पास झाला. मी हाताने दहा हात मोजले आणि चुन्याची रेघ मारली.

चंपत खाटेवर बसून पाहत होता. म्हणाला, "टिका, कप फोडून आलो होतो नं आपून?"

मी म्हणालो, "हे जातीचं नोहे, चंपत. हे सायन्स हाय."

किती रुबाबात म्हणालो मी ते! आज आठवलं की जीभ चावावीशी वाटते. चंपत मात्र भांडला नाही. पोरीकडे पाहून एवढंच बोलला, "तिच्यासाठी दहा काय, शंभर हात बसतो मी."

पण साधनाला काय कळणार? पावणेदोन वर्षांची पोर. बाप दिसला की दोन्ही हात पसरून धावायची. रुक्मा स्वयंपाकात असायची, म्हणून संध्याकाळी तिला सांभाळायचं मी अंगावर घेतलं होतं. ती रेघेजवळ गेली की मी तिला उचलायचो आणि डोळे मोठे करून सांगायचो, "तिकडे जायचं नाही. तिकडे खोकला धरते." ती रडायची. मी गूळ-शेंगदाणे द्यायचो, रुळांकडे नेऊन इंजिन दाखवायचो. दोनतीन महिने हे चाललं. मग ती रेघेकडे जाईनाशी झाली, आणि मी रुक्माला मोठ्या अभिमानाने सांगितलं की पोर शहाणी झाली.

आणखी एक गोष्ट, आणि हीच सगळ्यात वाईट. सरकारी दवाखान्यात चंपतची थुंकी तीनदा तपासली. तिन्ही वेळा रिपोर्ट मी आणला, मी वाचला. तिन्ही कागदांवर लिहिलं होतं की जंतू सापडले नाहीत. रुक्माने विचारलं, "मंग कावून लांब ठेवता जी त्यायले?" मी म्हणालो, "कधीकधी सापडत नाहीत, वैनी. लपून राहतात." हे मला कोणी सांगितलं होतं? कोणीच नाही. ठराव माझा होता, रेघ माझी होती, त्यापुढे कागद काय बोलणार?

त्रेसष्टच्या एप्रिलात टाउनशिपच्या क्लबात मोठा समारंभ ठरला. आफ्रिकेतले नवे स्वतंत्र झालेले देश, तिथले दोन शास्त्रज्ञ कारखाना पाहायला येत होते. इंजिनियर लोकांच्या मंडळाने त्यांच्या संशोधनाबद्दल सत्कार करायचं ठरवलं. माझं अक्षर चांगलं म्हणून कापडी फलक रंगवायला मला बोलावलं. 'आफ्रिका के महान वैज्ञानिकों का हार्दिक अभिनंदन.' त्या बदल्यात शेवटच्या रांगेत खुर्ची मिळाली. कॅम्पातले पाचपन्नास लोक बाहेर खिडक्यांना लटकले होते. ठकूबाई, आमच्या ओळीतली सगळ्यात म्हातारी, तीही काठी टेकत आली होती.

एक पाहुणे नायजेरियाचे, लोखंडाच्या खनिजाचे जाणकार. दुसरे घानाचे डॉक्टर टेटे. काळेभोर, ठेंगणे, चष्मा लावलेले. मोठ्या साहेबाने वाकून त्यांना हार घातला, खांद्यावर शाल टाकली, हातात नारळ दिला. खिडकीतून ठकूबाईचा आवाज आला, "आपल्यापेक्षाबी काळा हाय नं बाप्पा! अन् साहेब वाकून राहिला त्याच्यापुढं." ती हसत नव्हती. पदराने डोळे पुसत होती. आमच्यासारख्या माणसाला कोणी विद्येसाठी शाल पांघरतं हे मी तोवर डोळ्यांनी पाहिलं नव्हतं.

मग डॉक्टर टेटे बोलायला उभे राहिले. इंग्रजी सावकाश, स्पष्ट. शेजारी एक अधिकारी हिंदीत सांगायला. डॉक्टर म्हणाले की ही शाल माझी नाही, अडतीस माणसांची आहे. सोन्याच्या खाणीत दगड फोडणारी ती माणसं. मेल्यावर त्यांच्या छात्या उघडून मी पाहिलं. फुप्फुसावर सुरी चालेना, आत दगडाची धूळ घट्ट बसली होती. लोक त्याला क्षय समजत. गावं त्या माणसांना वेशीबाहेर झोपडीत ठेवत, बायका दुरून जेवण सरकवत. हा रोग एकाचा दुसऱ्याला लागत नाही, हे मी सिद्ध केलं. त्यासाठी तुम्ही माझा सत्कार करता. पण ती अडतीस माणसं एकटी मेली, आणि माझा निबंध त्यांच्या गावात कोणी वाचला नाही.

अधिकाऱ्याने हिंदी केलं: "डॉक्टर साहब ने फेफड़ों की बीमारी पर बहुत बड़ा काम किया है." टाळ्या पडल्या. त्या सभागृहात आमच्या कॅम्पातला एकच माणूस ते इंग्रजी समजला होता, आणि तो मी होतो.

खोटं कशाला लिहू, पहिला विचार आला तो गप्प बसायचा. कोणाला कळणार होतं? पण नजरेसमोरून ते तीन कागद हलेनात. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुणे निघायच्या आत मी गेस्टहाउसच्या फाटकाशी उभा राहिलो आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत सगळं सांगितलं. डॉक्टर टेटेंनी जीप कॅम्पाकडे वळवायला लावली.

ते चंपतच्या खाटेवरच बसले. पाठीला नळी लावून बराच वेळ ऐकत राहिले. काम काय, किती वर्षं, वीट ओली की कोरडी, एवढंच विचारलं. तिन्ही रिपोर्ट पाहिले. ऊन कडक होतं, त्यांनी पाणी मागितलं. रुक्मा घरातला चांगला गिलास आणायला धावली, तोवर त्यांनी चंपतच्या उशाचा गिलास उचलून माठातलं पाणी घेतलं आणि पिऊन टाकलं.

चंपतने मला विचारलं, "काय म्हणते डाक्टर?"

मी सांगितलं. हा टीबी नाही, विटेची धूळ आहे. कोणाला लागत नाही. कधीच लागत नव्हती.

"अन् बरं होते का?"

मी डॉक्टरांना विचारलं. त्यांनी चंपतचा हात धरला आणि आडवी मान हलवली. त्याचं भाषांतर करावं लागलं नाही.

चंपत म्हणाला, "जाऊ दे थे. पोरीले आण."

तेवढंच हवं होतं त्याला. चौदा महिन्यांत त्याने दुसरं काही मागितलंच नव्हतं. रुक्माने साधनाला काखेत घेऊन आणलं. पोर आता तीन वर्षांची होत आली होती. खाट जवळ आली तशी ती आईच्या काखेत ताठ झाली. चंपतने हात पुढे केले, आणि तिने अशी किंकाळी फोडली की डॉक्टर टेटे दचकून उभे राहिले. रुक्माने तिला बळेच त्याच्या मांडीवर ठेवलं. तिने श्वास कोंडून धरला, तोंड निळं पडलं. "घे, घे तिले," चंपतच म्हणाला, "मरंन माही पोर."

डॉक्टर गेले. रुक्माने रेघेवरून शेणाचा सडा घातला, खाट आत घेतली. सगळी ओळ चंपतकडे येऊन बसायला लागली, त्याच्या गिलासाने पाणी प्यायला लागली. ठकूबाईने त्याचे पाय धरले. म्हणजे वरातीमागून घोडं. साधना मात्र घरात पाऊल टाकेना. दारातून भाकरी घ्यायची आणि शेजाऱ्यांकडे पळायची. आम्ही समजावलं, रागावलो, खेळणी आणली. चंपत म्हणायचा, "कावून रागावता तिले? शिकवलं थे बराबर शिकली. हुशार हाय माही पोर." हे तो माझ्याकडे पाहून म्हणत नसे. त्याने मला एकदाही काही म्हटलं नाही. म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

जूनमध्ये, मृगाच्या आधी, भर दुपारी तो गेला. श्वास घेता घेता गेला. आम्ही त्याला आंघोळ घातली, पांढरं कापड नेसवलं, बाहेर आणून ठेवलं. वस्ती जमली. पंचशील म्हणून झालं. एकेकाने येऊन पायांवर फुलं वाहिली. शेवटी ठकूबाई म्हणाली, "पोरीले आणा. बापाच्या पाया पडू द्या एकदा."

साधना भिंतीला चिकटून उभी होती. रुक्मा शुद्धीवर नव्हती, म्हणून मीच तिला आणायला गेलो. म्हणालो, "चाल बेटा, बाबा आता खोकत नाही." तिने माझ्याकडे हात पसरले. मी उचलून घेतलं. चंपतच्या पायांकडे दोन पावलं टाकली तशी तिने माझ्या मानेला मिठी मारली, माझ्या सदऱ्यात तोंड लपवलं, आणि सगळ्या वस्तीसमोर ओरडून म्हणाली, "नको टिकाकाका, तिकडे नको. तुम्हाला धरंन."

लोक थांबले होते. मी तिला घेऊन तसाच मागे फिरलो.