लाल दोऱ्याची झाडं

गल्लीतली पोरं त्याला ‘नख्या’ म्हणत आणि मोठी माणसं जरा आदराने ‘नखवाले’. डाव्या अंगठ्याचं नख तो कधी कापत नसे. शौक म्हणून नव्हे, ते त्याच्या धंद्याचं हत्यार होतं. चिकू झाडावर नुसता पाहून काही कळत नाही; कच्चा काय आणि तयार काय, दोन्ही वरून सारखेच मातकट. नखवाला फळाला हलकेच ओरखडा काढायचा. आत हिरवं दिसलं की म्हणायचा, “अजून शाळेत आहे.” बटाट्यासारखं पिवळसर दिसलं की, “हा लग्नाला आला.”

शहर संपतं तिथे त्याची रोपवाटिका होती. दोन खोल्यांचं घर, मागे जाळीचा मांडव आणि मांडवाखाली काळ्या पिशव्यांतली रोपं. आंबा-पेरू त्याने कधी लावले नाहीत. चिकू आणि त्याची सगळी भावकी, एवढाच त्याचा संसार. लाल सपोटा, पिवळा सपोटा, काळा, पांढरा. गिऱ्हाईक गोंधळलं की तो पान तोडून देठ दाखवायचा. “पांढरा चीक आला तर चिकूचा सख्खा. हा लाल सख्खा, हा पिवळाही सख्खा. काळ्याला चीक नाही, त्याचं गोत्र टेंभुर्णीचं. आणि पांढरा तर लिंबाच्या घरातला. आडनाव सारखं म्हणून भाऊ होत नाही कुणी.”

कलमं तो बांधायचा, हातात देताना ‘लाल’ किंवा ‘पिवळा’ एवढंच म्हणायचा, आणि खुणेचे दोरे बायको बांधायची. लाल सपोट्याला लाल दोरा, पिवळ्याला पिवळा, कारण हे दोघे लहानपणी जुळ्यांसारखे दिसतात. लालचं पान पुढे हातभर लांब होतं, पिवळ्याचं आखूडच राहतं; पण चार पानांच्या रोपात तो फरक नखवाल्यासारख्यालाच कळावा, बाकी कुणाला नाही. दोघं सकाळपासून मांडवात असत. बोलणं फारसं नसे. ती गुणगुणायची, तो तिला “पुरे गं” म्हणायचा, ती थांबायची नाही.

ती गेली त्याला पाच वर्षं झाली. साखरेचा आजार जुना होता. शेवटी मूत्रपिंडांनी दगा दिला. पंधरा दिवसांत खेळ आटोपला. त्या हंगामात नखवाला आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. तयार कलमं त्याच्या वहिनीने येऊन विकली. दोऱ्याचा रंग बघायचा आणि द्यायचं, त्यात काय अवघड!

नंतर तो उठला, कामाला लागला. मुलगी लांबच्या शहरात होती. ती दर रविवारी फोन करायची. “जेवलात का?” “जेवलो.” “काय केलंत?” “केलं काहीतरी.” बाकीचे सहा दिवस त्याच्या घरात आवाज म्हणजे नळाचा. कधीकधी दुपारी पहिलंच गिऱ्हाईक यायचं आणि बोलायला तोंड उघडलं की घशातून खरखर निघायची. तेव्हा त्याच्या लक्षात यायचं, की आपण सकाळपासून एक शब्द बोललेलो नाही.

अशाच एका सकाळी निवृत्त हेडमास्तर फाटकात उभे राहिले. हातात कापडी पिशवी.

“नखवाले, तुमचा विद्यार्थी नापास झाला हो,” मास्तर म्हणाले आणि पिशवीतून फळ काढून त्यांनी ओट्यावर ठेवलं. पिवळंधमक, टोकाशी चोच काढल्यासारखं.

“हा पिवळा सपोटा आहे,” नखवाला म्हणाला. “छान पोसलाय.”

“ते मलाही दिसतंय. पण मी नेला होता लाल! आधी वाटलं, कच्चा असेल, पिवळ्याचा तपकिरी होईल. वाट बघत बसलो. पटापट खाली पडून फुटले. आत बघतो तर उकडलेल्या अंड्याचा बलक! पाच वर्षं मी पाहुण्यांना झाड दाखवून सांगतोय, आत केशरी-लाल गर असतो म्हणून. आता मला गावात कोण मास्तर म्हणणार?”

नखवाला हसला नाही. “लाल दोरा होता?”

“लालच. अजून खोडाला आहे. तुमच्या वहिनींनी दिलं होतं.”

नखवाल्याने चपला घातल्या आणि तो मास्तरांबरोबर गेला. झाड दारापासूनच ओळखू आलं. खोडाशी विटून गुलाबी पडलेला दोरा सालीत रुतला होता. त्याने तो नखाने सोडवला आणि मुठीत धरून उभा राहिला.

“चूक माझी,” तो म्हणाला. “नवं लाल कलम आणून लावून देतो. हे ठेवायचं की काढायचं तुम्ही ठरवा.”

“अहो, काढता कशाला? नातवाला आवडतं हे. मी आपला गमतीने बोललो.”

पण त्याच्या डोक्यात भुंगा शिरला तो शिरलाच. तीस वर्षांत बायकोचा दोरा एकदाही चुकला नव्हता. तो तडक वहिनीकडे गेला. वहिनीची स्मरणशक्ती म्हणजे चालतं दप्तर. कोणी काय नेलं, येताना कुठली साडी नेसली होती, इथपर्यंत. लाल-पिवळी मिळून नऊ रोपं त्या हंगामात गेली होती.

“मी रंग बघूनच दिली हो भावोजी,” वहिनी कावरीबावरी झाली. “माझ्यावर नका घालू.”

“कुणावर घालत नाही. नावं सांगा फक्त.”

पुढचे चार दिवस तो दारोदार फिरला. पाववाल्याकडे लाल दोऱ्याला पिवळी फळं. शिंप्याकडेही तेच, पण शिंप्याला काय नेलं तेच आठवत नव्हतं, तो आनंदात होता. पाचव्या दिवशी तो दवाखान्यातल्या नर्सबाईंच्या घरी पोचला. पन्नाशीची, एकटी राहणारी बाई, बोलायला फटकळ. तिने पिवळा सपोटा नेला होता.

“बरं झालं आलात,” ती म्हणाली. “ते झाड उद्या तोडायला माणूस येतोय. वांझ नाही म्हणायचं, फळं धरतात. पण वर्ष उलटलं तरी पिवळी होत नाहीत. दगडासारखी लटकलीत.”

झाडाची पानं हातभर लांब होती. नखवाल्याने एक मोठं तपकिरी फळ तळहातावर तोललं आणि देठाजवळ नखाने खरवडलं. सालीखाली केशरी-लाल रेघ उमटली.

“बाई, हे पिवळं कधीच होणार नाही. हा लाल सपोटा आहे. तयार आहे. काढून ठेवा, पाच-सहा दिवसांत मऊ पडेल, मग कापा.”

नर्सबाई त्या रेघेकडे बघत राहिली. “म्हणजे मी उगाच शिव्या घालत होते त्याला!” मग त्याच्याकडे वळून म्हणाली, “पण तुमच्याकडून अशी चूक कशी झाली? तुम्ही तर डोळे मिटून झाडं ओळखता म्हणे.”

“झाली खरी,” तो म्हणाला.

घरी येताना त्याने हिशेब जुळवून पाहिला. एखादं इकडचं तिकडे झालं असतं तर घाई म्हणता आली असती. पण जिथे लाल तिथे पिवळा, जिथे पिवळा तिथे लाल, नऊपैकी आठ ठिकाणी. नववं रोप मेलं होतं. ही घाई नव्हती. रंगच उलटे झाले होते.

रविवारी मुलीचा फोन आला. “जेवलात का?” झाल्यावर तो म्हणाला, “तुझ्या आईने शेवटच्या वर्षी दोरे उलटे बांधले. सगळेच्या सगळे.” आणि त्याने मास्तरांपासून नर्सबाईपर्यंत सगळं सांगितलं.



“हॅलो? ऐकतेयस ना?”

“बाबा, एक सांगू? रागवू नका.” तिचा आवाज बदलला होता. “आईला दिसत नव्हतं.”

“काय?”

“साखर डोळ्यांत उतरली होती. वर्षभर आधीपासून. समोर धूर धरल्यासारखं दिसायचं, रंग तर कळतच नव्हते. मी आले होते तेव्हा सुईत दोरा ओवून मागितला, म्हणून मला कळलं. मला शपथ घातली तिने. म्हणाली, बाबांना कळलं तर मला मांडवात येऊ देणार नाहीत, घरात बसवून ठेवतील.”

“मग दोरे कसे बांधायची?”

“उजव्या डब्यात लाल, डाव्यात पिवळा. हाताने सवय केली होती.”

नखवाला खाली बसला. तो फळीवरचे डबे बघत होता. त्या वर्षी उन्हाळ्यात त्यानेच फळी साफ केली होती. गंजलेले डबे फेकून दोन नवे आणले होते, रिळं त्यात नीट रचून ठेवली होती. तिला बरं वाटेल म्हणून. कुठलं रीळ कुठल्या हाताला ठेवलं, याचा त्याने विचारसुद्धा केला नव्हता. तिने डबे चाचपून विचारलं होतं, “तुम्ही होते तिथेच ठेवलेत ना?” आणि तो वर न बघताच म्हणाला होता, “हो गं, तिथेच.”

“बाबा?”

“तू मला सांगायला हवं होतंस.”

“शपथ होती.”

“ती गेल्यावर तरी.”

“गेल्यावर सांगून काय करायचं होतं? तुम्ही तसेच भिंतीकडे तोंड करून पडला होतात.”

त्याला राग आला होता, पण तो मुलीवर नव्हता. बायकोवरही नव्हता. एका छपराखाली, ताटाला ताट लावून तो वर्षभर जेवला होता. ती भाजीत मीठ दोनदा टाकायची तेव्हा तो चिडला होता. उंबऱ्याला ठेचकाळली तेव्हा “बघून चाल जरा” म्हणाला होता. नेमके हेच शब्द. ते आठवून त्याने फोन ठेवला आणि नळाखाली बराच वेळ तोंड धुतलं.

पुढच्या महिन्यात त्याने चांगली हातभर वाढलेली कलमं निवडली आणि ज्याला हवी होती त्याच्या अंगणात स्वतः खड्डा करून लावली. कारण कुणी विचारलं तर “माझ्याकडून झालं” एवढंच सांगायचा. वहिनीलाही त्याने तेच सांगितलं. ती मनातून हलकी झाली आणि दोन दिवस त्याला डबा पाठवत राहिली. पाववाल्याने झाड बदलून घेतलं. मास्तरांनी दोन्ही ठेवली. नर्सबाईने नवं रोप घेतलंच नाही.

“मला हेच बरं,” ती म्हणाली. “एवढ्या शिव्या खाऊनही उभं राहिलं.” तिने मऊ पडलेलं फळ कापून त्याला अर्धं दिलं. त्याने ओट्यावर बसून चमच्याने खाल्लं. बिया विचारून खिशात टाकल्या. “डोळे कधी तपासलेत का?” तिने विचारलं. “त्या दिवशी फळ खरवडताना फार वाकून बघत होतात. मंगळवारी या दवाखान्यात.”

मंगळवारी तो गेला. डोळे तपासणाऱ्या मुलीने त्याच्या डोळ्यांत थेंब घातले. “दोन तास धूसर दिसेल, उजेड खुपेल. बरोबर कोण आलंय?”

“कोणी नाही.”

“मग बाकावर बसा. एकटे निघू नका.”

तो लांबलचक व्हरांड्यात बसला. हळूहळू समोरच्या पाटीवरची अक्षरं विरघळली. मग हातातल्या चिठ्ठीवरची. आपल्याच अंगठ्याचं नख त्याला नीट दिसेना. माणसं पावलांच्या आवाजावरून कळत होती: ही घाईची, ही पाय घासत जाणारी, हे लहान मूल. समोरून कुणीतरी काहीतरी घेऊन गेलं. बादली होती की पिशवी, त्याला सांगता आलं नसतं. आणि अशा धुरात ती वर्षभर हातातलं काम करत होती. गुणगुणत.

झाडूवाल्याने दोनदा विचारलं, “काका, न्यायला कोणी येणार आहे का?”

“नाही. थोडं थांबतो,” तो म्हणाला.

डोळ्यांचं निदान साधंच निघालं. किंचित मोतीबिंदू, अजून दोन वर्षं तरी हात लावायला नको. पण तो अहवाल हातात आल्यावरही तो लगेच उठला नाही. फरशीच्या रेघा एकेक करून परत येईपर्यंत तिथेच बसून राहिला. मग भिंतीला हात लावत जिना उतरला आणि उन्हाला हाताचा आडोसा करत, रस्त्याच्या कडेकडेने, पायीच घरी गेला.